चाचणीचा फोन कोणाचा? अ‍ॅप-विकासातील उपकरण-निवडीची चिकित्सा : वसई-विरार परिसराच्या संदर्भात

सारांश

मोबाइल अ‍ॅप तयार करणारे विकासक आपले अ‍ॅप लोकांच्या हाती देण्यापूर्वी ते कोणत्या फोनवर तपासून पाहतात, हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक आणि खर्चाचा वाटतो. प्रस्तुत लेखात या निवडीच्या प्रचलित निकषांची चिकित्सा केली आहे. बाजारातील वाटा, नवीनता आणि विकासकाची सोय हे तीन निकष ऐच्छिक वापराच्या अ‍ॅपला काही प्रमाणात पुरेसे ठरतात. मात्र नोकरीसाठी, शासकीय नोंदीसाठी अथवा रोजच्या प्रवासासाठी जे अ‍ॅप वापरणे जवळजवळ अटळ असते, त्याच्या बाबतीत हे निकष अपुरे पडतात, असे येथे प्रतिपादन केले आहे. त्यासाठी अंगणवाडी सेविकांचे २०२१ मधील मोबाइल वापसी आंदोलन, उपनगरी रेल्वेचे तिकीट-अ‍ॅप आणि ई-पीक पाहणी या उदाहरणांचा आधार घेतला असून, शेवटी वसई-विरार परिसरास अनुरूप असा चाचणी-संच सुचविला आहे.

बीजशब्द : चाचणी-फोन, अ‍ॅप-विकास, अनिवार्य वापर, देवनागरी, वसई-विरार, अंगणवाडी.

१. प्रास्ताविक

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला आणि मोखाडा, जव्हार, विक्रमगड यांसारखे आदिवासी तालुके व वसईसारखा दाट वस्तीचा नागरी तालुका एकाच जिल्हा प्रशासनाखाली आले. नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार या स्थानकांवरून रोज पहाटेपासून मुंबईकडे जाणारा नोकरदार, अर्नाळ्याचा मच्छीमार, वसईच्या पश्चिम पट्ट्यातील बागायतदार, पूर्वेकडील औद्योगिक गाळ्यांतील कामगार आणि डोंगरपट्टीतील अंगणवाडी सेविका हे सर्व आज कोणत्या ना कोणत्या अ‍ॅपचे वापरकर्ते आहेत. त्यांच्या हातांतील फोन मात्र एकसारखे नाहीत.

अँड्रॉइड प्रणालीवरील पहिला फोन २००८ मध्ये बाजारात आला. त्यानंतर अनेक उत्पादकांनी ही प्रणाली स्वीकारली, तिच्यात आपापले बदल केले आणि काही वर्षांनंतर जुन्या फोनना सुधारणा देणे थांबविले. परिणामी एकाच वेळी अनेक आवृत्त्या, वेगवेगळी स्मृतिक्षमता आणि निरनिराळे पडदे वापरात राहिले. सर्व फोनवर अ‍ॅप तपासणे कोणालाही शक्य नाही, म्हणून निवड करावी लागते. ही निवड करताना विकासक नकळत एका प्रश्नाचे उत्तर देत असतो : आपला वापरकर्ता कोण? चाचणीसाठी निवडलेल्या फोनची यादी हे त्या उत्तराचे लेखी रूप होय. प्रस्तुत लेखात या यादीकडे त्याच दृष्टीने पाहिले आहे.

२. प्रचलित निकष आणि त्यांच्या मर्यादा

पहिला निकष बाजारातील वाट्याचा. सर्वाधिक खपाचे पाच-दहा फोन घ्यावेत, म्हणजे बहुसंख्य वापरकर्ते सामावले जातात, असा हा युक्तिवाद आहे. गाण्यांचे, खेळांचे अथवा खरेदीचे अ‍ॅप असेल तर तो मान्य होण्यासारखा आहे. कारण ज्याच्या फोनवर असे अ‍ॅप चालत नाही, तो दुसरे अ‍ॅप घेतो किंवा त्याच्याविना राहतो. परंतु जे अ‍ॅप न वापरल्यास कामाची नोंद होत नाही अथवा नुकसानभरपाईच्या वेळी अडचण येते, तेथे उरलेल्या अल्पसंख्यांना दुसरा मार्ग नसतो. शंभरातील पाच फोनवर अ‍ॅप चालत नसेल तर विकासकाच्या दृष्टीने ती पाच टक्के त्रुटी असते. त्या पाच जणांच्या दृष्टीने मात्र त्रुटी शंभर टक्के असते.

या निकषात आणखी एक दोष दडलेला आहे. बाजारातील वाटा बहुधा नव्याने विकल्या गेलेल्या फोनवरून अथवा अ‍ॅप आधीच वापरणाऱ्यांच्या नोंदींवरून काढला जातो. घरातील थोरल्याने वापरून धाकट्यास दिलेला अथवा स्थानकालगतच्या दुकानातून जुना घेतलेला फोन नव्या विक्रीच्या आकड्यात येत नाही. गुगलने २०२२ मध्ये प्ले स्टोअरवरील अ‍ॅपच्या गुणवत्तेसाठी जी मानके लागू केली, त्यांत एकूण कोसळण्याच्या प्रमाणाबरोबरच प्रत्येक फोन-मॉडेलचा स्वतंत्र विचार केला आहे. एखाद्या मॉडेलवर दररोजच्या वापरकर्त्यांपैकी ८ टक्के अथवा अधिक जणांचे अ‍ॅप कोसळत असेल, तर तेथे ते अ‍ॅप दोषयुक्त मानले जाते. सरासरीच्या आड लपणारा दोष उघड करणारी ही तरतूद स्वागतार्ह आहे. तथापि ज्याच्या फोनवर अ‍ॅप मुळात उतरवताच येत नाही, तो या मोजणीतही येत नाही. दाराबाहेर राहिलेल्यांची गणती घरात बसलेल्यांच्या हजेरीपटावरून होऊ शकत नाही.

दुसरा निकष नवीनतेचा. नव्या फोनवर नव्या सुविधा दाखविता येतात, त्यामुळे सादरीकरणासाठी असे फोन हाताशी ठेवले जातात. परंतु नवा फोन बहुतेक दोष झाकतो. भरपूर स्मृती असल्याने अ‍ॅपचा फापटपसारा जाणवत नाही, आणि साठवणीची जागा मोकळी असल्याने छायाचित्र जतन करताना अडथळा येत नाही. चांगल्या फोनवर झालेली चाचणी अ‍ॅपची कमी आणि फोनची अधिक असते.

तिसरा निकष सोयीचा. विकासकाच्या स्वतःच्या खिशातील फोन आणि संगणकावर चालणारा आभासी फोन या दोहोंवर काम उरकण्याची प्रवृत्ती लहान संस्थांत स्वाभाविक आहे. आभासी फोन प्राथमिक तपासणीस उपयुक्त ठरतो. परंतु तो तापत नाही, त्याची बॅटरी फुगत नाही, पावसात त्याचा पडदा ओला होत नाही आणि वीज वाचविण्यासाठी पार्श्वभूमीवरील अ‍ॅप बंद करून टाकण्याची निरनिराळ्या उत्पादकांची पद्धतही त्यात जशीच्या तशी उतरत नाही.

३. अंगणवाडी सेविकांचा फोन

अनिवार्य वापराचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातील अंगणवाड्यांचे आहे. पोषण अभियानाअंतर्गत राज्यातील अंगणवाडी सेविकांना २०१९ मध्ये स्मार्टफोन देण्यात आले. बालकांची वजन-उंची, आहारवाटप, गरोदर व स्तनदा मातांची माहिती अशा नोंदी त्यांवर करणे अपेक्षित होते. २०२१ मध्ये केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे अ‍ॅप आणले. सेविकांची तक्रार अशी होती की, २ जीबी स्मृतीच्या फोनवर हे अ‍ॅप नीट चालत नाही, फोन तापतो, मध्येच थांबतो, दुरुस्तीचा खर्च अंगावर पडतो आणि माहिती इंग्रजीत भरावी लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर मोबाइल वापसी आंदोलन झाले आणि सेविकांनी मिळालेले फोन प्रकल्प कार्यालयांत परत केले. फेब्रुवारी २०२३ मधील संपातही नवा मोबाइल आणि मराठी अ‍ॅप या मागण्या होत्या.

फोनचे असंख्य प्रकार असल्याने सर्वांवर चाचणी करता येत नाही, अशी सबब विकासक नेहमी पुढे करतात. येथे ती सबब लागू पडत नव्हती, कारण सेविकांना दिलेला फोन शासनानेच खरेदी केलेला होता. त्याची स्मृती, साठवण आणि प्रणाली यांची माहिती कागदोपत्री उपलब्ध होती. कोणत्याही विकासकास क्वचितच लाभते अशी निश्चितता येथे होती. तरीही अ‍ॅप आणि फोन यांचा मेळ बसला नाही. फोनची खरेदी राज्याच्या पातळीवर आणि अ‍ॅपची निर्मिती केंद्राच्या पातळीवर झाली, हे यामागील एक कारण मानता येईल. नवे अ‍ॅप जुन्या फोनवर चालते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी दोन यंत्रणांच्या मध्ये पडली. चाचणी-फोनचा प्रश्न प्रयोगशाळेपुरता मर्यादित नसून प्रशासकीय उत्तरदायित्वाचाही आहे, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. २ जीबीचा फोन खरेदीच्या वेळी काम निभावण्याइतका होता असे मानले, तरी दोन वर्षांच्या वापरानंतर तो तोच फोन राहत नाही. छायाचित्रे साठतात, अन्य अ‍ॅपच्या आवृत्त्या जड होतात, बॅटरी क्षीण होते. चाचणीच्या टेबलावर ठेवलेला खोक्यातला कोरा फोन आणि मोखाड्याच्या पाड्यावर दोन पावसाळे काढलेला फोन यांचे मॉडेल एक असले तरी ती दोन वेगळी उपकरणे होत.

४. प्रवासी आणि शेतकरी

वसई-विरारच्या जीवनात उपनगरी रेल्वेचे स्थान सांगण्याची आवश्यकता नाही. १६ एप्रिल २०१३ पासून ही सेवा डहाणू रोडपर्यंत विस्तारली. मुंबईच्या उपनगरी मार्गावर मोबाइलवरून अनारक्षित तिकीट काढण्याची सोय डिसेंबर २०१४ मध्ये ‘यूटीएस’ अ‍ॅपद्वारे सुरू झाली आणि २०१५ मध्ये कागदविरहित तिकीट आले. १ जुलै २०२५ रोजी रेल्वेने ‘रेलवन’ हे एकत्रित अ‍ॅप आणले.

कागदविरहित तिकिटाच्या रचनेत उपग्रहाधारित स्थाननिश्चितीला मध्यवर्ती स्थान देण्यात आले. तपासनीस दिसताच गाडीत बसून तिकीट काढले जाऊ नये, यासाठी रुळांपासून ठराविक अंतराच्या आत असताना तिकीट मिळू नये, अशी योजना होती. हेतू योग्यच होता. परंतु अशा योजनेत तिकिटाचा निर्णय प्रत्यक्षात फोनमधील स्थाननिश्चितीच्या अचूकतेवर अवलंबून राहतो. नालासोपाऱ्यासारख्या ठिकाणी स्थानकाला भिडून दाट इमारती आहेत. अशा गल्लीत स्वस्त फोनने दाखविलेले स्थान काही मीटरनी सरकले, तर बाहेर उभा असलेला प्रामाणिक प्रवासी अ‍ॅपच्या लेखी आवारात ठरू शकतो. महागड्या फोनवर मोकळ्या मैदानात घेतलेल्या चाचणीत हा दोष आढळण्याची शक्यता कमी. सकाळी सातच्या गर्दीत, नेटवर्कवर ताण असताना, साधारण फोनवर घेतलेली चाचणीच येथे ग्राह्य धरावयास हवी.

याच मार्गावरील ‘एम-इंडिकेटर’चे उदाहरण वेगळ्या कारणाने उल्लेखनीय आहे. सचिन टेके यांनी तयार केलेले हे अ‍ॅप २०१० मध्ये आले, तेव्हा स्मार्टफोन सर्वसामान्य प्रवाशाच्या हाती पोहोचला नव्हता. जावावर चालणाऱ्या साध्या फोनसाठी ते प्रथम तयार झाले, आणि गाड्यांचे वेळापत्रक इंटरनेटविना पाहता येणे हे त्याचे बलस्थान राहिले. कोणत्या फोनला केंद्रस्थानी ठेवले, यावरून अ‍ॅपचा स्वभाव कसा घडतो, हे यावरून दिसते. लहान फोन समोर ठेवून केलेली रचना मोठ्या फोनवर सहज चालते. याच्या उलट क्वचितच घडते.

शेतकऱ्यांच्या बाबतीत ई-पीक पाहणीचा विचार करता येईल. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर राबविलेल्या या प्रकल्पात शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र स्थानासह नोंदवावयाचे होते. येथे कॅमेरा, स्थाननिश्चिती, साठवण आणि नेटवर्क या चारही गोष्टी एकाच क्षणी लागतात. वाडा किंवा जव्हारच्या भातखाचरात नेटवर्क नसेल तर माहिती फोनमध्ये जपून ठेवून नंतर पाठविता आली पाहिजे, आणि साठवण भरलेली असेल तर अ‍ॅपने न कोसळता तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. या दोन्ही अवस्था चाचणीत मुद्दाम निर्माण केल्याशिवाय दिसत नाहीत.

५. देवनागरीची कसोटी

चाचणी-फोनच्या चर्चेत लिपीचा विचार सहसा शेवटी होतो. मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने तो आरंभी व्हावयास हवा. अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत देवनागरीची जोडाक्षरे विस्कटत अथवा अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत. पुढे ही स्थिती सुधारली. २०१६ मध्ये भारतीय मानक आयएस १६३३३ च्या तिसऱ्या भागात मोबाइलवरील भारतीय भाषांच्या आधाराविषयी निकष ठरविण्यात आले. तरीही काही मराठी वैशिष्ट्ये आजही परीक्षा घेतात.

‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’ या शब्दांतील अर्धा ‘ऱ’ हिंदीत लागत नाही. त्यामुळे हिंदीवर तपासलेले अ‍ॅप मराठीसाठी निर्दोष आहे, असे गृहीत धरता येत नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने देवनागरीचे प्रमाणीकरण करताना मराठी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’ यांना मान्यता दिली. परंतु फोनमधील अक्षरसंच बहुधा हिंदी वळण दाखवितो आणि अ‍ॅपने भाषा मराठी असल्याचे नोंदविले असेल व अक्षरसंचात सोय असेल तरच मराठी वळण उमटते. ‘अ’वर अर्धचंद्र असलेले स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वीचा अक्षरसंच असलेल्या फोनवर खुद्द ‘अ‍ॅप’ हा शब्दही, तो या नव्या अक्षराने लिहिला असल्यास, चौकोन होऊन दिसतो.

वसईच्या संदर्भात नावांचाही प्रश्न आहे. येथील ‘घोन्साल्विस’, ‘तुस्कानो’, ‘म्हात्रे’ यांसारखी आडनावे जोडाक्षरांनी युक्त व काही बरीच लांब आहेत. इंग्रजी मजकुराच्या मापाने आखलेल्या चौकटीत वेलांटी, मात्रा अथवा रफार वरून कापला जातो. आणि ज्येष्ठ नागरिकाने फोनमधील अक्षरे मोठी केली असतील तर बटणावरील मजकूर बाहेर सांडतो. म्हणून चाचणी-संचातील किमान एका फोनची संपूर्ण प्रणाली मराठीत आणि अक्षराचा आकार सर्वांत मोठा असावा. यास वेगळा फोन घेण्याचा खर्च येत नाही, केवळ आठवण ठेवावी लागते.

६. आक्षेपांचा विचार

वरील प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला खर्चाचा. लहान विकासकाने दहा-वीस फोन कोठून आणावेत? यावर दूरस्थ चाचणी-सेवेचा पर्याय उपलब्ध आहे. २०११ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘ब्राउझरस्टॅक’ या कंपनीने खरे फोन आपल्या केंद्रात ठेवून ते इंटरनेटवरून चाचणीसाठी उपलब्ध करून दिले आणि या क्षेत्रात जागतिक स्थान मिळविले. मॉडेलच्या विविधतेचा प्रश्न या सेवेने बराच सुटतो. स्थितीचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो, कारण केंद्रातील फोन वातानुकूलित जागेत, अखंड विजेवर आणि स्थिर जोडणीवर असतो. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-नालासोपारा पट्ट्यात रूळ पाण्याखाली गेले आणि वीजपुरवठा खंडित झाला, तेव्हा येथील रहिवाशांचा फोन ज्या अवस्थेत होता, ती अवस्था दूरस्थ केंद्रात भाड्याने मिळत नाही.

दुसरा आक्षेप असा की, जुने फोन लवकरच नाहीसे होतील, मग त्यांच्यासाठी श्रम का घ्यावेत? ‘जुना’ ही सापेक्ष संज्ञा आहे. आजचा मध्यम फोन तीन वर्षांनी कोणाचा तरी जुना फोन होणार आहे. कमी क्षमतेचा फोन ही सरून जाणारी अवस्था नसून बाजाराचा स्थायी थर आहे. गुगलने २०१७ मध्ये अल्प स्मृतीच्या फोनसाठी ‘अँड्रॉइड गो’ आणले, जिओने त्याच वर्षी साध्या कळफलकाचा जिओफोन आणि २०२१ मध्ये जिओफोन नेक्स्ट आणला. हा थर उद्योगांनीही ओळखला असल्याचे यावरून दिसते. २ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ‘आरोग्य सेतू’ची जिओफोनसाठीची आवृत्ती मे २०२० मध्ये स्वतंत्रपणे काढावी लागली, हेही येथे लक्षात घ्यावे.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा असून तो अधिक गंभीर आहे. ज्या प्रणालीला सुरक्षा-सुधारणा मिळत नाहीत, तिच्यावर पैशाचे व्यवहार चालू देणे वापरकर्त्याच्याच हिताचे नाही. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. पण त्यातून एक कर्तव्य उत्पन्न होते. ज्याचा फोन सुरक्षिततेच्या कारणाने नाकारला, त्याच्यासाठी तिकीट-खिडकी, कागदी नोंदवही अथवा सेवाकेंद्र यांपैकी एक मार्ग खुला राहिला पाहिजे. फोनही चालत नाही आणि खिडकीही बंद, अशी स्थिती निर्माण करणारी चाचणी-यादी तांत्रिकदृष्ट्या कितीही शुद्ध असली, तरी अन्याय्य होय.

७. परिसरानुरूप चाचणी-संच

वसई-विरार आणि पालघर जिल्ह्याच्या परिसरासाठी अ‍ॅप करणाऱ्या लहान संस्थेस पुढील पाच फोनांचा संच पुरेसा ठरू शकेल.

(१) २ जीबी स्मृतीचा, साठवण जवळजवळ भरलेला आणि प्रणालीची सुधारणा थांबलेला फोन. अनिवार्य वापराच्या अ‍ॅपची पहिली चाचणी यावरच व्हावी.
(२) स्थानिक दुकानातून घेतलेला, बॅटरी बदललेला वा पडद्यास तडा गेलेला जुना फोन, ज्यावर उत्पादकाची वीज-बचत व्यवस्था चालू आहे.
(३) ‘अँड्रॉइड गो’ प्रणालीचा फोन.
(४) मध्यम किमतीचा फोन, संपूर्ण मराठीत आणि मोठ्या अक्षरांत.
(५) नव्या प्रणालीचा एक फोन, जेणेकरून पुढील बदलांची चाहूल लागेल. गरज असल्यास याच्या जोडीला आयफोन.

या संचात मॉडेलचे नाव दुय्यम असून स्थिती मुख्य आहे, तसेच क्रमही महत्त्वाचा आहे. सर्वसाधारणपणे नव्या फोनवर काम पूर्ण करून वेळ उरल्यास जुन्याकडे वळले जाते. येथे तो क्रम उलटा केला आहे. चाचणीची जागाही बदलावी : विरार स्थानकाचा पूल, वैतरणेपलीकडचा डब्यातील प्रवास आणि नेटवर्क क्षीण असलेला पाडा या ठिकाणी अर्धा तास घालविल्यास टेबलावरील आठवड्याभराच्या तपासणीत न दिसणारे दोष दिसू शकतात.

खर्च विभागून घेण्याचा मार्गही आहे. इंग्लंडमधील ब्रायटन येथे ‘क्लिअरलेफ्ट’ या संस्थेने २०१२ मध्ये आपले चाचणीचे फोन इतर विकासकांस वापरण्यास खुले केले आणि अनेक ठिकाणी त्याचे अनुकरण झाले. वसई-विरारमध्ये अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र शिकविणारी महाविद्यालये आहेत. ग्रंथालय जसे पुस्तके देते तसे महाविद्यालयाने नोंदवहीवर चाचणी-फोन द्यावेत, ही कल्पना अवघड नाही. घरोघरी पडून असलेले जुने फोन, त्यांतील खासगी माहिती पुसून, यासाठी गोळा करता येतील. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे मूल्यमापन करताना अ‍ॅप कोणत्या फोनवर आणि कोणत्या स्थितीत तपासले, हे लेखी मागितल्यास ही शिस्त शिक्षणातच रुजेल.

८. निष्कर्ष

चाचणी-फोनची निवड ही विकासाच्या अखेरीस उरकावयाची बाब नसून आरंभी घ्यावयाचा निर्णय आहे. ऐच्छिक अ‍ॅपसाठी बहुसंख्यांचा फोन प्रमाण मानता येईल. अनिवार्य अ‍ॅपसाठी मात्र ज्याला दुसरा मार्ग नाही अशा वापरकर्त्याचा सर्वांत दुर्बल फोनच प्रमाण मानला पाहिजे. शासकीय अ‍ॅपच्या निविदेत आणि स्वीकृतीच्या अटींत चाचणी-फोनची यादी, त्यांची स्मृती, साठवण व भाषेची स्थिती यांचा स्पष्ट उल्लेख असावा आणि ती यादी जाहीर व्हावी. ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी कार्यालयांत परत केलेले फोन हा एका अर्थाने राज्यातील सर्वांत मोठा चाचणी-अहवाल होता. तो वापर सुरू झाल्यानंतर आणि आंदोलनाच्या रूपाने आला, याची जबाबदारी चाचणी घेणाऱ्यांवर राहते.